आधी टोपी, मग नळी

माझ्या कामाच्या टेबलावर तान्ह्या बाळाचं एक प्लॅस्टरचं डोकं आहे. ते छोट्या उशीवर आडवं ठेवलेलं असतं. वर्कशॉप झाडायला येणारी बाई रोज सकाळी ते उभं करून ठेवते. "आडवं बरं दिसत नाही, मॅडम," म्हणते. मी ते रोज पुन्हा आडवं करते. त्या डोक्याला उशी कशाला, हे सांगायचं तर मला माझी एक चूक सांगावी लागेल. त्याआधी कामाबद्दल थोडं सांगते, म्हणजे ती चूक केवढी होती ते कळेल.

मी शरीराला लागणारे आधार बनवते. पोलिओच्या पायाला उभं धरणारं कॅलिपर, पाठीचा पट्टा, मानेची कॉलर, वाकड्या पावलाचा बूट. डॉक्टर चिठ्ठीवर एक ओळ लिहितात, ती माणसाच्या अंगावर बसवायचं काम आमचं. ऐंशीच्या सुमाराला हे काम शिकून मी ठाण्यात आले, तेव्हा या धंद्यात मला दुसरी बाई भेटली नव्हती. टेंभी नाक्याच्या मागच्या गल्लीत आमच्या दोन खोल्या. पुढच्या खोलीत मापं घ्यायची. मागच्या खोलीत ओव्हन, घासायचं मशीन आणि शिंदेमामांचा कोपरा. शिंदेमामा चामड्याचे कारागीर, माझ्याहून वीस वर्षांनी मोठे. येणारी माणसं मला विचारायची, "साहेब कधी येतील?" मी सांगायची, "साहेब मीच. पँट वर करा."

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. डोंबिवलीचा एक तरुण लग्नाला चार दिवस राहिले असताना आला. त्याच्या कॅलिपरला बूट कायमचा जोडलेला होता. म्हणाला, "मॅडम, मेव्हण्या बूट पळवणार म्हणतायत. माझा बूट पळवला तर पायच पळवल्यासारखं होईल." शिंदेमामांनी त्या बुटावर चढवायला जरीचा एक खोटा बूट शिवून दिला. मेव्हण्यांनी तो पळवला आणि नवरदेव आपल्या खऱ्या बुटावर ताठ उभा राहिला. लग्नाचे लाडू घेऊन तो आला तेव्हा शिंदेमामा म्हणाले, "खोटा बूट सासरीच ठेवा. पुढं कामाला येईल."

असं सगळं छान चाललं होतं, आणि त्यामुळे मी जरा चढून गेले होते. माझी वस्तू टोचते म्हणून कोणी परत आलं, की माझं एक ठरलेलं वाक्य असे: "तुम्ही चुकीचं बांधताय." बहुतेक वेळा ते खरंही असायचं. लोक पट्टा बनियनवर बांधायचे, कॉलर उलटी घालायचे. दहा वेळा आपण बरोबर ठरलो की अकराव्या वेळी आपण तपासतच नाही. मीही तपासेनाशी झाले होते.

नव्वद साल मागे पडून चार-पाच वर्षं झाली असतील. ओळखीच्या एका बालरोगतज्ज्ञांनी मला बोलावून घेतलं. शांत माणूस, कमी बोलणारे. त्यांनी माझ्यापुढे परदेशी मासिकातल्या एका लेखाची झेरॉक्स ठेवली. फोटोत एक हसरं बाळ होतं आणि त्याच्या डोक्यावर प्लास्टिकची टोपी.

"चपटं झालेलं डोकं गोल करायची टोपी. जमेल?" त्यांनी विचारलं.

फिट येणाऱ्या मुलांना पडून लागू नये म्हणून मी टोप्या बनवल्या होत्या. डोक्याला आकार देणारी टोपी मात्र कधी केली नव्हती. तरी मी म्हटलं, "जमेल."

"एक अडचण आहे. बाळ ऑक्सिजनवर आहे."

बाळ म्हणजे जुई. ठाण्याच्या खाडीकाठच्या कोळीवाड्यातली. दिवस भरायच्या फार आधी जन्मलेली, त्यामुळे फुप्फुसं कच्ची. दोन महिने दवाखान्यात काढून घरी आली ती सिलिंडर घेऊनच. नाकात नळीची दोन बारीक टोकं, तिथून एकेक नळी दोन्ही गालांवरून कानामागे, मग दोन्ही एकत्र होऊन सिलिंडरकडे. सिलिंडर उजव्या हाताला भिंतीशी. म्हणून आई उजवीकडे बसायची, दूध उजवीकडून, खुळखुळा उजवीकडून. जुई कायम उजवीकडे बघत पडलेली, आणि डोक्याची उजवी मागची बाजू जमिनीवर ठेवलेल्या कणकेच्या गोळ्यासारखी बसलेली. उजवा कान डाव्यापेक्षा पुढे सरकला होता. डॉक्टरांनी पाळण्याची दिशा बदलून बघितली होती, पण तोवर उशीर झाला होता. आता ती सहा-सात महिन्यांची होती. डोकं भराभर वाढतं तोवरच त्याला वळण लावता येतं. हातात थोडेच महिने होते.

टोपी डोकं दाबून गोल करते, असं सगळ्यांना वाटतं. ते तसं नाही. आधी डोक्याचा प्लॅस्टरचा साचा घ्यायचा, त्यात प्लॅस्टर ओतून हुबेहूब डोकं तयार करायचं. मग जिथे डोकं चपटं आहे तिथे वरून प्लॅस्टर चढवून ते हवं तसं गोल करायचं. या सुधारलेल्या डोक्यावर गरम प्लास्टिकचा पत्रा बसवला की टोपी होते. ती फुगलेल्या बाजूला हलकी टेकते आणि चपट्या बाजूला पोकळ राहते. डोकं वाढतं ते मोकळ्या जागेकडे. टोपी फक्त जागा करून देते, काम वाढीचं असतं. दिवसातले तेवीस तास घालायची, एक तास काढायची.

माप घ्यायला मी जुईच्या घरी गेले. दारातच आजी भेटल्या, हिराबाई. साठीच्या, काटक, नऊवारी घट्ट नेसलेली, हात मजबूत. पुढे कळलं की कोळीवाड्यातल्या पोरांना न्हाऊमाखू घालायचं काम वर्षानुवर्षं त्यांच्याकडे. तेल लावून, तळव्यानं फिरवून डोकी गोल करण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. म्हणजे आम्ही दोघी एकाच धंद्यातल्या, आणि मी त्यांच्या हद्दीत टोपी घेऊन शिरलेली.

"तूच ती टोपीवाली?" त्यांनी मला वरून खाली बघितलं. "या वाड्यातली समदी डोकी माझ्या हातची हायेत. जा, बग रस्त्यानं. हाय कुनाचा डोका वाकडा?"

"नाही दिसला," मी म्हटलं. ते खरंच होतं.

"माझ्या नातीचाच डोका माझ्या हाती दिला नाय. दवाखान्यात म्हनाले, हात लावू नका. आता म्हनतात, टोपी घाला."

त्यांच्या रागाचं मूळ मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण माझं लक्ष जुईच्या उशाशी होतं. तिथे खोबरेल तेलाची वाटी होती. आजी रोज टाळू भरत होत्या. तान्ह्या बाळाच्या टाळूवर तेल थापायचं, ते जिरलं की टाळू भरते आणि पोर बाळसं धरतं, हे आपल्याकडे घरोघरी चालतं. मी वाटी उचलून बाजूला ठेवली.

"आजी, हे बंद. ऑक्सिजनजवळ तेल म्हणजे आगीला आमंत्रण. शिवाय गालाला तेल लागलं की चिकटपट्टी सुटते, नळी नाकातून निघते. आणि टोपीच्या आत तेल आणि घाम एक झाले की डोक्याला फोड येतील."

"टाळू नाय भरली त पोर वाढंल कशी?"

"ऑक्सिजननं वाढेल. तुमच्या तेलानं नाही."

हे मी ज्या सुरात म्हटलं तो सूर मला आजही आठवतो. आजी उठल्या. वाटी उचलून आत घेऊन गेल्या.

जुईची आई वंदना, बावीस-तेवीस वर्षांची. तिनं गालावरच्या पट्ट्या धरल्या, नाकातली टोकं जागेवर ठेवली. कानामागच्या नळ्या सोडवून मी पुढे घेतल्या. डोक्यावर सुती मोजा चढवला, कोमट पाण्यातली प्लॅस्टरची पट्टी गुंडाळायला घेतली आणि जुईनं रडून घर डोक्यावर घेतलं. ती रडली की ओठ जांभळट व्हायचे. डोकं हलत होतं, माझा साचा बिघडत होता. तेवढ्यात आजी आतून आल्या. मांडी घालून बसल्या, जुईचं डोकं दोन्ही तळव्यांत घेतलं, काहीतरी गुणगुणल्या. पोर गप्प. साचा सुकेपर्यंत ते डोकं सुतभर हललं नाही. इतके चांगले हात मला वर्कशॉपमध्ये कधी मिळाले नव्हते. पण तसं मी म्हटलं नाही.

टोपी बनवताना मी जीव ओतला. खरा प्रश्न नळीचा होता. टोपीखालून नळी नेली तर कातडीत रुतेल. म्हणून मी टोपीच्या कडेला, दोन्ही कानांच्या वरून मागे जाऊन उजव्या कोपऱ्यात मिळणारी एक खाच केली. दोन्ही नळ्या त्या खाचेत बसायच्या आणि सिलिंडरच्या बाजूला, त्या मागच्या कोपऱ्यातून एकत्र बाहेर पडायच्या. वरून बघितलं तर नळी आहे हे कळायचंही नाही. शिंदेमामांनी कडा इतक्या गुळगुळीत घासल्या की मी गालावर फिरवून बघितल्या. प्लॅस्टरचं डोकं लोखंडी पाईपवर उभं होतं. त्याला टोपी घातली, नळी बसवली, फुंकून बघितली. हवा आरपार. दवाखान्यात जुईला आईच्या मांडीवर बसवून टोपी चढवली. डॉक्टरांनी बोटाला यंत्र लावून ऑक्सिजन बघितला, ठीक होता. "सुंदर काम," ते म्हणाले. मी तरंगतच घरी गेले.

तिसऱ्या दिवशी डॉक्टरांचा फोन आला. "जुई झोपली की ओठ काळे पडतात. टोपी काढली की बरी होते. मी टोपी काढून ठेवायला सांगितलंय. तुम्ही जाऊन बघा."

दुपारी मी कोळीवाड्यात पोहोचले. टोपी हातात घेतली आणि आतल्या फोमच्या अस्तराचा वास घेतला. खोबरेल! अस्तर तेलानं चिकट झालेलं. माझ्या दृष्टीनं सगळं मिटलं.

"वंदना, तुला सांगितलं होतं ना, तेल नाही म्हणून?" मी सुरू केलं. "तेलानं टोपी घसरली, घसरून नळीवर बसली. पोरीच्या जिवाशी खेळ आहे हा. एवढं शिकलेली मुलगी तू, एक साधी गोष्ट पाळता येत नाही?"

वंदना मान खाली घालून उभी राहिली. सासू समोर बसलेली असताना मी तिला झाडत होते, आणि तिचं गप्प बसणं मला कबुलीच वाटत होतं.

"तेल मी लावला," आजी म्हणाल्या.

मी वळले.

"तिनं नाय. ती मना नको नको म्हनत होती. टोपी काडायच्या तासाला मी गुपचूप टाळू भरली. काय बोलायचा त मना बोल." मग त्या उठून माझ्यासमोर आल्या. "पन नली तेलानं नाय दाबली. ती तुझ्या टोपीनं दाबली."

"आजी, मी पंधरा वर्षं हे काम करतेय."

"कर. आता हितं बस."

त्यांनी मला सिलिंडरपुढे बसवलं. सिलिंडरच्या तोंडाशी पाण्याची एक बाटली असते. कोरडी हवा नाकात जाऊ नये म्हणून ऑक्सिजन त्या पाण्यातून बुडबुड करत जातो. जुईला लागायचा इतका थोडा, की बुडबुडे एकामागून एक मोजता यावेत.

"पोरीकडं नको बगू. बाटलीकडं बग," आजी म्हणाल्या. "वंदना, टोपी घाल. नीजव तिला."

वंदनानं टोपी घातली, पट्टा बांधला. मी डोळ्यात तेल घालून बघत होते. तिनं बरोबर बांधला होता. नळी खाचेत, जशी मी बसवली होती तशी. जुई दूध पिऊन पेंगुळलेलीच होती. पाठीवर होती तोवर बुडबुडे चालू होते. पाचेक मिनिटांनी तिनं झोपेत मान उजवीकडे टाकली.

बुडबुडे थांबले.

आजीनं लगेच तळवा घालून डोकं उचललं. बुडबुडे सुरू झाले. डोकं खाली ठेवलं. बुडबुडे थांबले. परत उचललं. सुरू.

"दिसला?"

दिसलं. माझी सुरेख खाच मागच्या ज्या कोपऱ्यातून नळी बाहेर काढत होती, बरोबर त्याच कोपऱ्यावर जुईच्या डोक्याचा भार येत होता. नळी टोपीच्या कडेवर दुमडून मिटत होती. मांडीवर बसलेल्या बाळाच्या डोक्यावर भार येत नाही. पाईपवर उभ्या असलेल्या प्लॅस्टरच्या डोक्यावर तर नाहीच नाही. मी ते डोकं घासलं, गोल केलं, चारी बाजूंनी निरखलं. ते झोपवून मात्र एकदाही बघितलं नाही. आणि जुई दिवसातले सोळा-सतरा तास झोपायची.

पंधरा वर्षांच्या मापांवर पाणी पडलं. मी टोपी काढली आणि मांडीवर घेऊन बसले.

"तुम्हाला हे कळलं कसं?" शेवटी मी विचारलं.

"आमी त्या बाटलीकडंच बगत बसतो दिवसभर. दुसरा काय करनार? माझ्या हाताला काम ठेवलाय कुनी?" आजीनं जुईच्या पाठीवर हात ठेवला. मग म्हणाल्या, "बाय, एक सौदा कर. माझ्या सुनेला बोललीस ते मागं घे. मी तेल बंद करते. आजपासून. देवाशपथ."

धंद्यात मी कोणालाही कधी "माझं चुकलं" म्हटलं नव्हतं. गिऱ्हाइकाला तर नाहीच. मी टोपी खाली ठेवली.

"वंदना, तू बरोबर बांधलं होतंस. चूक माझी होती. तुला बोलले ते चुकीचं बोलले."

"असू दे ताई," ती पुटपुटली. मग हळूच म्हणाली, "पण टोपी होईल ना पुन्हा? तिचं डोकं असंच नाही ना राहणार?"

बायका आपल्याला झालेला त्रास बाजूला ठेवून कामाचं विचारतात, तेव्हा उत्तर द्यायला आणखी जड जातं. मी म्हटलं, "विचारून सांगते."

डॉक्टरांना सगळं जसं घडलं तसं सांगितलं. त्यांनी टोपी उलटीसुलटी करून बघितली. मग म्हणाले, "डोकं वाकडं राहिलं तर ती जगेल. ऑक्सिजन बंद पडला तर नाही. दुरुस्त करून आणा. आठ दिवस बघू. एकदा जरी ओठ काळे दिसले तर टोपी कायमची बंद." त्यात घासाघीस करण्यासारखं काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी टोपी, प्लॅस्टरचं डोकं आणि नळीची दोन भेंडोळी घेऊन पुन्हा कोळीवाड्यात गेले. या खेपेला सल्ला घ्यायला. आजी दारात जाळं पसरून फाटलेलं ठिकाण विणत होत्या. मी डोकं त्यांच्या पुढ्यात ठेवलं.

"ह्याला काय भूक लागलीय?" त्या म्हणाल्या. पण हात पुसून त्यांनी ते मांडीवर घेतलं आणि आपोआप आडवं धरलं. पोरं मांडीवर आडवीच असतात. मला ते सुचायला इतके दिवस लागले.

"नली मागं न्यायचीच कशाला?" त्यांनी विचारलं. "होडीचा दोर कुनी बुडाखालनं घेतो का? भार पडंल तितं दोर नाय ठेवायचा. वरनं घे. कपालावरनं. मंग पालन्याच्या दांडीवरनं सोड, खेलना टांगतात तसा."

इतकं सोपं होतं. परदेशी मासिकात ते नव्हतं, कारण त्या फोटोतल्या बाळाला नळी नव्हती.

मी खाच भरून टाकली, मागचा कोपरा घासून बसका केला. टोपीच्या बाहेरून, कानाच्या पुढे आणि कपाळाच्या वर, शिंदेमामांनी मऊ कापडाचे छोटे फासे लावले, उघडता-मिटता येणारे. नाकातून निघालेल्या दोन्ही नळ्या गालांवरून कानाच्या पुढून वर जायच्या, कपाळाच्या वर एकत्र यायच्या, आणि तिथून थेट पाळण्याच्या दांडीवर. कूस कुठलीही असो, कपाळावर कोणी झोपत नाही. पालथी पडायची सोय नव्हती, तिला अजून वळता येत नव्हतं. वळायला लागली की पुन्हा बघू, असं ठरलं. आणि नियम ठरला: आधी टोपी, मग नळी. टोपी चढवताना नळी नाकातच, पण कानावरून सोडवून पुढे धरायची. टोपी बसली की मग फाशांत घालायची. काढताना आधी फासे उघडायचे. नळी टोपीच्या खाली कधीच नाही, एका मिनिटासाठीसुद्धा नाही.

मग चाचणी. टेबलावर उशी, उशीवर टोपी घातलेलं प्लॅस्टरचं डोकं, वरून वाळूची पिशवी, म्हणजे भार कमी पडायला नको. नळीचं एक टोक पाण्याच्या ग्लासात, दुसरं शिंदेमामांच्या तोंडात. ते हळू हळू फुंकायचे, मी डोकं या कुशीवरून त्या कुशीवर फिरवायची, आणि दोघांची नजर ग्लासावर. नेमकी त्याच वेळी टिटवाळ्याहून एक बाई पाठीच्या पट्ट्यासाठी आली. तिनं हे बघितलं आणि दारातच थबकली.

"गुडगुडी ओढतायत का?" तिनं मला विचारलं.

"ओढत नाहीत, फुंकतायत," मी म्हटलं. "बसा, पाच मिनिटं."

शिंदेमामांनी नळी तोंडातून काढून विचारलं, "मॅडम, आणखी किती?"

"तुमचा दम संपेपर्यंत."

सगळ्या बाजूंनी फिरवलं. बुडबुडे एकदाही थांबले नाहीत.

ते आठ दिवस मला फार मोठे वाटले. दिवसभर वर्कशॉपमधला फोन वाजला की माझा हात थबकायचा. नवरात्र होतं, नाक्यावर लाऊडस्पीकर लागलेले, बोललेलं ऐकू येत नव्हतं. मी रोज दुपारी गर्दीतून वाट काढत कोळीवाड्यात जायची. आजी सिलिंडरपुढे बसलेल्या असायच्या, जाळं मांडीवर, नजर बाटलीवर.

"काय म्हणतेय बाटली?" मी विचारायची.

"बोलतेय," त्या म्हणायच्या. "तू परत घरी जा. सारखी येतेस, मना चा ठेवायला लागते."

चहा त्या करायच्या, आणि मला गरम गरम बशीत ओतून द्यायच्या. तेलाची वाटी कुठेच दिसत नव्हती. आठव्या दिवशी डॉक्टर स्वतः आले. त्यांनी जुईला टोपीसकट झोपवून अर्धा तास बोटाला यंत्र लावून ठेवलं, दोन्ही कुशींवर. मग यंत्र गुंडाळलं आणि म्हणाले, "चालू ठेवा." वंदना आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

पुढचे सहा महिने मी दर पंधरा दिवसांनी जात राहिले. डोकं वाढेल तसं आतलं अस्तर घासायचं, जागा वाढवायची. कातडी लाल दिसते का बघायचं. जुई वळायला लागली तेव्हा ती जागी असताना आम्ही नळी पाळण्यावरून सोडवून तिच्या पाठीकडे, झबल्याच्या मागे अडकवायचो; झोपली की पुन्हा दांडीवर. हा उपाय वंदनाचा. रांगायला लागली तेव्हा लांब नळी घेतली, आणि ती घरभर नळी ओढत फिरायची. आजी मागे मागे, नळी उचलून धरत. "जालं ओडते माझी पोर," म्हणायच्या.

मागची बाजू भरत आली. कान जवळजवळ एका रेषेत आले. जवळजवळ म्हणते, कारण उजव्या बाजूला थोडा सपाटपणा राहिला. पहिल्या चुकीत वाया गेलेले दिवस परत मिळाले असते तर तोही गेला असता का? मला माहीत नाही. केसांनी तो झाकला. आजपर्यंत मी कोणाला तो दाखवलेला नाही, पण जुई दिसली की माझी नजर आधी तिथे जाते.

जुईला एक वर्ष उलटून काही महिने झाले आणि डॉक्टरांनी ऑक्सिजन बंद केला. महिनाभर नुसतं लक्ष ठेवलं आणि मग सिलिंडर परत पाठवला. त्या दिवशी मी टोपी परत घ्यायला गेले होते. भिंतीशी सिलिंडरचा गोल डाग उरला होता. जुई त्या डागावर बसून काहीतरी चावत होती.

आजी आतून आल्या. हातात खोबरेल तेलाची वाटी, काठोकाठ. मी काही म्हणायच्या आत त्यांनी जुईच्या डोक्यावर तळवा फिरवला, बोटांनी टाळू चाचपली, आणि थांबल्या.

"भरली," त्या म्हणाल्या. "तेलाशिवाय भरली." वाटीकडे बघितलं. सौद्याच्या दिवसापासून त्यांनी एक थेंब लावला नव्हता, आणि आता लावायला जागाच उरली नव्हती.

"आजी, थोडं तरी लावा. आता चालेल," मी म्हटलं.

"तिची भरली. हिकडं ये."

"मी?"

"तुझी राहिलीय कवाची. कच्ची हाय अजून. म्हनून त माझ्या सुनेला बोललीस." त्यांनी मला खांद्याला धरून खाली बसवलं. वंदना तोंडावर पदर धरून हसत होती. थंड तेल भांगातून कपाळावर आलं. त्यांचा तळवा माझ्या डोक्यावर गोल गोल फिरत होता, वाड्यातली सगळी डोकी ज्यानं गोल केली तोच.

मी तशीच, पिशवीत टोपी घेऊन वर्कशॉपमध्ये आले. शिंदेमामांनी चामडं खाली ठेवलं.

"मॅडम, डोक्यावरून तेल गळतंय."

"गळू द्या," मी म्हटलं, आणि पाईपवर उभं असलेलं प्लॅस्टरचं डोकं काढून उशीवर झोपवलं.